रिकाम्या पानांची पंगत

करंजगडच्या धवलसेन राजाने मनावर घेतलं की राज्यातले जीवजंतू जपायचे. चांगली गोष्ट! पण आधी अभ्यास कुणाचा करायचा, आधी वाचवायचं कुणाला, याची यादी हवी. म्हणून त्याने नऊ पंडित बसवले, आणि ते सात वर्षं बसूनच राहिले. वाघाच्या पंडिताला वाघ आधी हवा, हत्तीच्या पंडिताला हत्ती. करंजगडात हत्ती औषधालाही नव्हता, पण त्यावाचून पंडिताचं काही अडलं नाही. वाघाचा पंडित तर वाघाच्या कातड्यावर मांडी घालूनच वाघाचा अभ्यास करी.

शेवटी एकवीस नावांची यादी झाली. वाघ, हत्ती, मोर, हरीण, म्हणजे राजाच्या पडद्यांवर जे जे विणलेलं होतं ते सगळं. पहिलं कोण यावरून भांडण मिटेना, म्हणून नावं वर्तुळात लिहिली, म्हणजे पहिलं कुणीच नाही. राजाने शिक्का मारला. मग एवढी मोलाची यादी ठेवायला सभागृह नको? सभागृहाला तुळया नकोत? तुळयांसाठी काळकाईची राई तोडायचं ठरलं. यादीतलं एकही जनावर त्या राईत राहत नव्हतं, तेव्हा पंडितांची काही हरकत नव्हती.

राईच्या पायथ्याशी येसूचं गाव. गावाला पाणी एकच, राईतल्या झऱ्याचं. येसू गावात वाटे घालायची. ओढ्यावर सगळ्यांनी मिळून मासे धरले की ते पानांवर मांडून वाटे करायचं काम तिचं, आणि तिच्या वाट्यांवरून कधी तंटा झाला नव्हता. कुऱ्हाडी आल्या तशी ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, झाडं गेली की झरा जाईल, झरा गेला की आम्ही जाऊ.

पंडितांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की झऱ्याचा विषय यादीत नाही.

राजा हट्टी, पण त्याला गंमत आवडायची. तो म्हणाला, "बाई, राई सोडतो. पण यादीत सगळ्यात वर घालायला एकच नाव दे. असं नाव, की ते ऐकून या नवांच्या माना एकदम होकारात हलल्या पाहिजेत. उद्याच्या जेवणापर्यंत मुदत. नाहीतर कुऱ्हाड चालू."

दरबार खुदकन हसला. त्या नऊ माना सात वर्षांत एकदाही बरोबर हलल्या नव्हत्या. आज वार कोणता, यावरही त्यांच्यात दोन तट असायचे.

येसूने डोक्यावरचा पदर नीट केला. "देते की, सरकार. उद्या पंगतीत वाढायचं काम तेवढं माझ्याकडे द्या, आणि वाढीन ते आमच्या गावच्या रीतीनं."

राजाने शब्द दिला. रीत कोणती, ते विचारायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. भाताची वाफ येत होती, भोपळ्याची भाजी होती, तूप कढवलेलं होतं. येसूने प्रत्येक पानावर चिमूटभर मीठ वाढलं आणि पळी टेकवून उभी राहिली.

पंडित वाट बघून थकले. वाघाच्या पंडिताने घसा खाकरून भात मागितला.

"आमच्याकडे जो वाटे घालतो तो सगळ्यात शेवटी उरलेला वाटा घेतो," येसू म्हणाली. "म्हणून तो कुठला वाटा हलका घालत नाही. जीवजंतूंचे वाटे तुम्ही घातलेत. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते तुम्ही ठरवलंत. टाकलेल्यांच्या हातचं आता तुम्हाला कसं वाढू? खाचरातली कीड बेडूक खातो तेव्हा भात घरात येतो. बेडूक आहे यादीत?"

बेडूक नव्हता.

"मग भाजी वाढ," हत्तीचा पंडित म्हणाला.

"फुलावर माशी बसली तर भोपळा धरतो. माशी घातलीय?"

माशीचं नाव काढताच दोघातिघांनी नाकं मुरडली. एकाने तूप मागितलं. येसूने विचारलं, गाय काय खाते?

"गवत? गवत का कुणी यादीत घालतं, बाई?"

"मग राहू द्या तूप."

"निदान पाणी तरी!"

"पाणी राईतल्या झऱ्याचं. पहाटे मीच डोक्यावरून आणलंय. पण झऱ्याचा विषय यादीत नाही, असं कालच कळलं मला."

राजा पोट धरून हसत होता. हसता हसता त्याने आपल्या पानाकडे पाहिलं. तिथेही मीठच!

"माझं पान का रिकामं?"

"शिक्का तुमचाच ना, सरकार?"

भाताची वाफ पंगतीवरून फिरत होती. राजा हळूच म्हणाला, "नाव सांग, येसू. लवकर सांग."

"काळकाईची राई. बेडूक तिच्यात, माशी तिच्यात, गवत तिच्यात, झरा तिच्यात. आणखी काय काय आहे ते मलाही ठाऊक नाही. आधी तेच बघा, यादी मग लिहा."

नऊ माना एकदम हलल्या. हत्तीच्या पंडिताची सगळ्यात आधी, तीही दोनदा, डोळे भाताच्या पातेल्यावर ठेवून.

राजाने भुवई वर केली. "येसू, या माना पटलं म्हणून हलल्या, का भूक लागली म्हणून?"

"सरकार, पोटभर जेवून तर सात वर्षं हलल्या नव्हत्या."

राजा असा हसला की पुढ्यातलं मीठ उडालं. त्याने गळ्यातला कंठा काढून येसूच्या हाती ठेवला आणि कुऱ्हाडी परत बोलावल्या. राई गावाच्या नावे करून दिली. सभागृह रद्द झालं. पंडितांनी इथून पुढे राईतच बसायचं आणि तिथलं बघून यादी करायची, असा हुकूम सुटला. शेवटी राजाने एक ओळ स्वतःच्या हाताने जोडली: दर वर्षी यादी वाचून झाली, की पंगतीला येसू वाढील.

बेडूक त्याच दिवशी यादीत चढला, पाठोपाठ माशी. आणि मगच येसूने भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.