गैरहजरांनी हात वर करा

नाशिकच्या एका कंपनीचं ‘सांगावा’ नावाचं निरोप धाडायचं अ‍ॅप होतं. विंडोजवर ते झकास चाले. लिनक्स या दुसऱ्या संगणकप्रणालीवर मात्र नव्हतंच. लिनक्सचे प्रकार पन्नास, आणि एकाचं पॅकेज, म्हणजे अ‍ॅप बसवायचं गाठोडं, दुसऱ्याला चालेल तर शपथ! तरीही हेमांगी शेवाळेने चार महिने मान मोडून पॅकेजं बांधली. नेमकं तेव्हाच मोठे साहेब निंबकर भर बैठकीत गरजले, "बंद करा हे! लिनक्सवाल्यांना आपलं अ‍ॅप नकोच आहे. वर्षभरात त्यांची एक तरी तक्रार आली का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्रार नोंदवायची सोय फक्त अ‍ॅपच्या आत होती, हे कोणाला आठवलंच नाही.

हेमांगी उठली. "साहेब, आधी हजेरी घेते. आज जे आलेले नाहीत, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"बघा साहेब, सगळे हजर!"

साहेबांची नजर तीन रिकाम्या खुर्च्यांवर गेली. क्षणभराने ते खो खो हसत सुटले. "सोडा बाई बाजारात तुमची पॅकेजं!"

दुसऱ्याच दिवशी लिनक्सवरून पहिली तक्रार आली : ‘अक्षरं फार बारीक दिसतात.’ हेमांगीने ती छापून, पेढा ठेवावा तशी साहेबांच्या टेबलावर ठेवली.