चिलखतावरचा खळगा

फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात रखमाजी लोहार तलवारीही घडवी आणि चिलखतंही. त्याचा एक रिवाज होता. नवं चिलखत खांबाला बांधायचं, त्याच्यावर आपल्याच तलवारीचा घाव घालायचा आणि मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचं.

त्या दिवशी मात्र तलवारीचं मन धजेना. "अरे, आपण दोघं एकाच लोखंडाची," ती चिलखताला म्हणाली. "मी हलकेच लागेन. तुला ओरखडासुद्धा उठणार नाही."

"नको ताई," चिलखत म्हणालं. "आज तू माया केलीस, तर मी कच्चं की पक्कं हे शत्रूच्या तलवारीलाच आधी कळेल. आणि तेव्हा माझ्या आत खांब नसेल."

मग तलवार पूर्ण जोरानिशी उतरली. चिलखताच्या छातीवर खोल खळगा पडला, पण पत्रा फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी एका शिपायाची आई चिलखत न्यायला आली.

"हा खळगा ठोकून सपाट करून देऊ?" रखमाजीने विचारलं.

"राहू द्या, दादा. मला भरवसा वाटतोय तो त्याच्यामुळेच," असं म्हणत ती खळग्यावरून हात फिरवत राहिली.

खुंटीवरच्या तलवारीला वाटलं, तो हात आपल्याच पाठीवरून फिरतोय.