रंगांनी लावलेले कपाट

एकदा एका ध्वनिसंग्रहालयात एक वृद्ध संग्रहपाल आणि त्यांचा अतिशय टापटिपीचा शिष्य काम करीत असत. तेथे टेप सांभाळणारे एक यांत्रिक कपाट होते. मागितलेली टेप आतला यंत्रहात खणातून उचलून वाजवायला लावी. अर्धे कपाट शेजारच्या पशुवैद्यक विभागाचे होते. मध्ये फळी मात्र नव्हती. कोणते खण कोणाचे, हे फक्त यंत्राला सांगून ठेवलेले होते, आणि एकाचे ते दुसऱ्याला कधी दाखवीत नसे.

एके सकाळी शिष्याने कपाट उघडले. निळ्या, काळ्या, तांबड्या टेपांची सरमिसळ पाहून त्याचा जीव कासावीस झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने सगळ्या टेप रंगांनुसार लावल्या. दार लागले की यंत्र प्रत्येक टेपेवरची रेघांची पट्टी वाचत बसते, त्यात वेळ जातो, म्हणून ती तपासणीही त्याने बंद केली. मग हात झटकून तो जेवायला गेला.

दुपारी तमाशातला एक म्हातारा सोंगाड्या आला. त्याचा एक विनोद एके काळी गावोगाव गाजला होता. नातीच्या लग्नात तो करून दाखवायचे त्याने कबूल केले होते, आणि विनोदाचा शेवटच तो विसरला होता. लग्न दुसऱ्या दिवशी होते. त्याचे ध्वनिमुद्रण याच कपाटात होते.

शिष्याने टेप मागितली. यंत्रहाताने ती तत्परतेने लावली, आणि म्हशींच्या अपचनावरचे धीरगंभीर व्याख्यान सुरू झाले. सोंगाड्याने मान डोलावीत बराच वेळ ऐकले.

"इनोद बरा हाय," तो नम्रपणे म्हणाला, "पर माजा न्हाई."

शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे धावला. गुरुजी शांतपणे आले, त्यांनी कपाट उघडले आणि त्या देखण्या रांगांतून मूठमूठ टेप काढून मिळेल त्या खणात खुपसू लागले. गुरुजींना वयाने गाठले, असेच शिष्याला वाटले. मग त्यांनी दार लावून तपासणी सुरू केली. यंत्राने खण न् खण वाचला आणि कळवले, की ती टेप तुमच्या भागात नाही.

तेव्हा गुरुजी शिष्याला म्हणाले, "बाळा, तू कपाट स्वतःच्या डोळ्यांसाठी लावलंस. यंत्राला रंग कळत नाहीत. कुठे काय ठेवलं ते त्याला सांगावं, नाहीतर त्याला बघू द्यावं. तू यातलं एकही केलं नाहीस. माझा पसारा त्याला ठाऊक आहे, तुझी टापटीप ठाऊक नव्हती. आता टेप शेजारच्या भागात आहे. तिथलं आपल्याला दिसत नाही. तिथे आपल्या पायांनी जायचं आणि आपल्या तोंडाने चूक सांगायची."

हे शिष्याला पसाऱ्यापेक्षाही जड गेले. तरी तो गेला. पशुवैद्यक विभागाच्या बाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले, आपल्या यादीतली अनोळखी टेप काढून दिली आणि म्हणाल्या, "सकाळी बैलांच्या खुरांवरचं व्याख्यान लावलं, तर लावणी लागली. आमचे डॉक्टर म्हणाले, तक्रार एवढ्यात करू नका."

टेप वाजली. विनोदाचा शेवट आला तेव्हा शिष्य, गुरुजी आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाई पोट धरून हसले. सोंगाड्या तेवढा हसला नाही. तो डोळे मिटून, ओठ हलवीत, पाठ करीत होता. शिष्य ते पाहत राहिला, आणि संध्याकाळी कोणी न सांगता, बाईंना आधी विचारून, दोन्ही विभागांच्या टेप आपापल्या खणांत परत ठेवायला बसला.

घर जरूर आवरावे, पण काय कुठे ठेवले ते घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना सांगावे.