घरचा वाफा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक माळी राहत होता. वांगी पिकवावीत तर त्यानेच, असे पंचक्रोशीत म्हणत. व्यापारी त्याच्या नावावर वांगी विकत.

एका वर्षी वांग्यांना कीड लागली. बाजारात भेटलेल्या एका फिरस्त्याने माळ्याला औषधाची बाटली दिली. "पाण्यात घालून फवारा. किडीचं नाव उरणार नाही."

नाव खरेच उरले नाही. वांगी कशी चकचकीत दिसू लागली! पण चौथ्या दिवशी पाटात बेडूक पोट वर करून तरंगले आणि झाडांखाली मधमाश्यांचा सडा पडला. ते पाहून माळीण नवऱ्याकडे धावली.

"अहो, हे आपण खायचं?"

"आपण कशाला खायचं?" माळी म्हणाला. त्याने घरापुढे एक लहानसा वाफा राखला. त्यावर औषधाचा थेंबही पडू दिला नाही. तो वाफा घरचा, बाकी मळा बाजाराचा.

"आणि लोकांचं काय?"

"लोक धुऊन खातील की."

माळणीला हे पटले नाही, तरी ती गप्प बसली. तिथेच दोघांचे चुकले.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या गावी दिली होती. तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते माहेरच्या वांग्यांचे. सासू बिचारी प्रेमळ. दर बाजारी ती विचारून विचारून त्याच माळ्याची वांगी आणी.

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली ती पिवळी पडून. मूल झाले, पण त्याच्या पायांत बळच नव्हते. वैद्यबुवांनी विचारले, "पोरी, खाण्यात काय होतं?"

"वेगळं काही नाही," लेक म्हणाली. "अप्पांच्या मळ्यातली वांगी तेवढी रोज खायचे. दुसरं काही रुचतच नव्हतं."

माळी दारात उभा राहून हे ऐकत होता.

त्याने पुन्हा कधी बाटलीला हात लावला नाही. घरचा वाफाही मोडला. किडके वांगे तो टोपलीत सगळ्यांत वर, दिसेल असे ठेवू लागला. काही वर्षांनी मधमाश्या परतल्या, पाटात बेडूक ओरडू लागले. नातवाचे पाय मात्र तसेच राहिले. करावे तसे भरावे म्हणतात, पण इथे केले आजोबाने आणि भरले नातवाने.

माळी त्याला खांद्यावर घेऊन मळाभर फिरवी. एकदा नातवाने विचारले, "आजोबा, मी कधी चालणार?"

माळ्याने त्याला खांद्यावर नीट सावरून घेतले आणि तो पुढे चालू लागला.

तात्पर्य इतकेच: बाजारासाठी विष पिकवणाऱ्याने विसरू नये, बाजारात आपलेही कुणीतरी खरेदीला आलेले असते.