सात पावलांचं लग्न

करंजवडी गावात रंगोबा नावाचा एक भोळा गडी आपल्या आईबरोबर राहायचा. चावडीवरच्या घड्याळात बघून तासातासाला टोले द्यायचे, एवढंच त्याचं काम.

पहिल्या दिवशी दुपारी बाराला त्यानं बारा टोले दिले. एक वाजता दिले तेरा. पाच वाजता सतरा. मोजता मोजता पाटलांचा चहा उतू गेला.

आई म्हणाली, "अरे, बारा झाले की बारा टाकून द्यायचे. उरतील तेवढेच खरे."

रंगोबाला पटलं.

पुढं त्याचं लग्न जमलं, शेजारगावच्या यशवदेशी. साखरपुड्यासाठी आईनं त्याला बाजारातून पंधरा नारळ आणायला सांगितलं. तो तीनच घेऊन आला.

"बाकीचे?"

"ओढ्यात टाकले. बारा टाकायचे, उरतील तेवढे खरे."

आईनं कपाळाला हात लावला. "पुन्हा काही टाकू नकोस. सांगतील तेवढं पुरतं मोज."

साखरपुडा बुधवारी झाला. निघताना सासरे म्हणाले, "जावईबापू, आठ दिवसांनी जेवायला या."

रंगोबानं बोटांवर पुरते आठ दिवस मोजले आणि गुरुवारी हजर झाला. पुरणपोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. गुरुवारी घरात सगळ्यांचा उपास. मूठभर शेंगदाणे खाऊन तो परत निघाला.

वाटेत शाळेतले गुरुजी भेटले. त्यांना त्याची दया आली. "रंगोबा, वार सातच. बुधवारनंतर सात दिवस गेले की परत बुधवार. म्हणून वारांच्या हिशेबात सात म्हणजे शून्य."

"आणि आठ?"

"आठ म्हणजे एक." ऐकणारा मिळाला म्हणून गुरुजी रंगात आले. "तिथं भागाकारही निराळा. सोमवारवरून दोन-दोन दिवसांच्या उड्या मारत मंगळवार गाठायचा. किती उड्या?"

रंगोबा बोटांवर मोजत म्हणाला, "बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार. चार."

"सोमवारपासून मंगळवार एक दिवस पुढं. म्हणजे एकाला दोनानं भागलं की आले चार."

रंगोबा घरी पोचेपर्यंत तेच घोकत होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "बैलगाडी एकच मिळालीय. थोरल्या काकाला आणि धाकट्या काकाला दोघांत वाटून घ्यायला सांग."

रंगोबा थोरल्या काकाकडं गेला. "काका, तुमच्या वाट्याला चार गाड्या." धाकट्या काकाकडं गेला. "तुमच्याही चार."

दोन्ही काकांनी अख्खी भावकी बोलावली. सकाळी साठ माणसं नटूनथटून एका गाडीभोवती उभी. म्हाताऱ्या गाडीत बसल्या, बाकीचं वऱ्हाड धूळ खात पायी निघालं.

आई चालून चालून दमली होती. "गुरुजींचा हिशेब गाडीला कुठं लावतोस रे? जिथं सात असतील तिथंच लाव."

"सात असतील तिथंच," रंगोबा म्हणाला. पुन्हा चूक करायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

अक्षता पडल्या. सप्तपदीसाठी भटजींनी तांदळाचे सात ढीग मांडले. नवरानवरीनं एकेक करून सातही ओलांडले.

भटजी म्हणाले, "सात पावलं झाली. विधी पुरा झाला."

"नाही झाला," रंगोबा म्हणाला. "सात म्हणजे शून्य. आम्ही अजून एकही पाऊल टाकलेलं नाही."

भटजींनी समजावलं, सासऱ्यांनी हात जोडले. रंगोबा हलेना. लग्न अर्धवट राहिलं तर यशवदेला नांदवायची कशी, हीच त्याला काळजी. शेवटी ढीग पुन्हा मांडले, पुन्हा सात पावलं झाली.

"आता चौदा झाली," भटजी म्हणाले.

"चौदा म्हणजे दोन वेळा शून्य."

एकवीस झाली. वऱ्हाड जेवून उठलं, पानसुपारीही झाली. तांदळाचं पीठ व्हायची वेळ आली.

यशवदा हळूच म्हणाली, "अहो, साताच्या पुढं आणखी एक टाकूया. मग तर शून्य होणार नाही?"

रंगोबाचा चेहरा उजळला. दोघांनी बाविसावं पाऊल टाकलं.

भटजींनी घाम पुसला. "झालं ना एकदाचं?"

"झालं की, पहिलं," रंगोबा समाधानानं म्हणाला. "आता सहाच राहिली."