तळ्याचं अर्धं शेवाळ

"...पण चाचा, हिरवेपणात कमी काय आहे, ते तरी सांगा!"

निरंजनचा आवाज चढलाच होता. का चढू नये? शहरातून शास्त्राची मोठी पदवी घेऊन आलेला गडी तो. आणि त्याची चूक काढणारे कोण, तर बाबूलाल फकीर, ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

गावच्या डेअरीत श्रीखंडासाठी चक्का टांगतात. त्यातून गळणारं आंबट पाणी दर्ग्याशेजारच्या या हातभर खोल तळ्यात यायचं. उन्हावर वाढणारं शेवाळ त्यातली घाण खायचं आणि निवळलेलं पाणी सांडव्यावरून ओढ्यात जायचं. तीस वर्षं हे तळं बाबूलालचाचांनी सांभाळलं. या महिन्यात त्यांनी ते निरंजनच्या हाती दिलं.

आणि आता सांडव्याला वास सुटला होता. खालच्या वस्तीने डेअरीला बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत पाणी निवळलं नाही तर चक्का बंद. निरंजनची झोप उडाली होती, पण मान काही खाली येत नव्हती.

"तीन आठवड्यांत ओंजळभर शेवाळसुद्धा बाहेर जाऊ दिलं नाही मी. तुमच्या वेळी होतं का इतकं दाट?"

"नव्हतं, बेटा."

"मग?"

"हात घाल पाण्यात."

निरंजनने हात घातला. मनगट बुडायच्या आत बोटं दिसेनाशी झाली.

"अजून खाली."

हात पार तळाला टेकला. बाहेर काढला तेव्हा बोटांना काळा, कुजका गाळ लागला होता. नाकाजवळ नेताच त्याचं तोंड वाकडं झालं.

"वर ऊन पडलंय," चाचा म्हणाले. "खालच्या शेवाळाला कुणी कळवलंय का?"

निरंजनने बोटं गवताला पुसली.

चाचांनी चक्क्याचं एक जुनं फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं.

"अर्धं गाळून काढ."

"अर्धं? चाचा, पोटच्या पोरासारखं वाढवलंय हो!"

"म्हणूनच."

एवढं सांगून चाचा वळले. दर्ग्याच्या पायरीवर बसून निवांत चहा पीत राहिले.

निरंजनने सोमवारी गाळायला घेतलं. शेवाळ सुतासारखं लांबट, फडक्यात छान अडकायचं. पहिलं फडकं पिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. तो हिरवा लगदा डेअरीच्या म्हशींनी आंबोणातून चाटूनपुसून खाल्ला. बुधवारी हात दुखायला लागले. गुरुवारी बघतो तर तळाचे गोटे दिसताहेत! त्याने एकट्यानेच टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी खालच्या वस्तीच्या पारूमावशी आल्या. मागे सहा-सात बाया, सगळ्या कमरेला पदर खोचून, भांडायच्या तयारीनेच.

मावशींनी सांडव्याखाली ओंजळ धरली. वास घेतला. पुन्हा घेतला. निरंजनचा जीव टांगणीला लागला होता.

मावशींनी ते पाणी सपकन स्वतःच्याच तोंडावर मारलं आणि उरलेलं शेजारणीच्या अंगावर उडवलं. बघताबघता सगळ्या बाया एकमेकींना भिजवू लागल्या. भांडण राहिलं बाजूला.

"टांगा रं बाबा तुमचा चक्का!" मावशी ओरडल्या. "अरे, पर ह्ये केलं कुणी?"

'मी' हा शब्द निरंजनच्या जिभेवर तयारच होता...

त्याने तळ्याकडे पाहिलं. गोट्यांवर ऊन हलत होतं. त्याला इतका आनंद झाला की तो शब्द कुठल्या कुठे गेला.

"मी काहीच नाही केलं, मावशी. ऊन खाली पोचलं, एवढंच."

पायरीवरचे चाचा गदागदा हसायला लागले. चहा सदऱ्यावर सांडला तरी हसणं थांबेना.

"खोटं कशाला बोलतोस, बेटा? उन्हाच्या आड उभा होतास, तो बाजूला झालास. हे काय थोडं काम आहे?"