कावळे हरले असते तर

एका बाभूळबनात एक कावळा राहत असे, आणि त्याची जीभ त्याच्या पंखांपेक्षा जोरात चालत असे. मुलांनो, त्या बनातल्या कावळ्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. फार पूर्वी, कोणाच्याच आजोबांनी पाहिले नाही इतक्या पूर्वी, बन कोणाचे यावरून त्यांचे आणि कोकिळांचे मोठे युद्ध झाले होते. सात दिवस चोचीला चोच भिडली. शेवटी कावळे जिंकले आणि त्यांनी तहात एकच अट घातली, "कोकिळांनी यापुढे कधीही घरटे बांधायचे नाही." कोकीळ मान खाली घालून निघून गेले. तेव्हापासून दर वैशाखात कावळे सर्वांत उंच बाभळीवर जमत, त्या विजयाची गोष्ट ऐकत आणि कावकाव करून बन डोक्यावर घेत.

त्या वर्षी गोष्ट सांगण्याची पाळी आपल्या कावळ्याची होती. तो निम्म्यापर्यंत नीट बोलला आणि मग एकदम थांबला. त्याच्या डोक्यात एक भन्नाट विचार आला होता.

"पण समजा," तो म्हणाला, "त्या दिवशी आपण हरलो असतो तर?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. एक म्हातारा कावळा तर फांदीवरून घसरता घसरता वाचला.

"अरे, विचार तर करून बघा! जिंकून आपण मिळवलं काय? कोकिळांना घरटं नाही, म्हणून त्या गुपचूप आपल्या घरट्यात अंडी घालतात. कुठलं अंडं कुणाचं, आपल्याला कळत नाही. उन्हातान्हात काटक्या आणायच्या आपण, अंडी उबवायची आपण, किडे भरवायचे आपण, आणि मोठं झालं की पोर म्हणतं 'कुहू'! युद्ध जिंकलो आपण, आणि चाकरी करतोय हरलेल्यांची!"

"खरंच की!" चारपाच जण एकदम म्हणाले.

"आपण हरलो असतो, तर बंदी आपल्यावर आली असती. घरटी त्यांनी बांधली असती! आपण त्यांत अंडी टाकली असती आणि..."

"आणि आंब्याच्या शेंड्यावर बसून दिवसभर गायलो असतो!" एक तरुण कावळा ओरडला.

"आवाजही गोड झाला असता! काटक्या वाहून वाहूनच घसा बसलाय आपला!"

मग काय विचारता! जो तो उड्या मारू लागला. कोणी म्हणाले, माणसांनी आपल्यावर गाणी रचली असती. कोणी म्हणाले, आपल्याला हाकलायला कोणी दगड उचलला नसता. आपला कावळा तर आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. तो रोज त्या हरलेल्या युद्धाची नवी गोष्ट रचू लागला आणि रोज ऐकणारे वाढू लागले.

इकडे त्याच्या कावळिणीचे दिवस भरत आले होते. तिला दूर उडवत नव्हते. काटक्या त्याने आणायच्या आणि तिने रचायच्या, अशी त्यांची दरवर्षीची रीत होती. पण यंदा फांदीच्या बेचक्यात एक काडीही पडली नव्हती.

"अहो, आधी काटक्या आणा," ती म्हणाली. "इतिहास मग बदला."

"अगं, इतिहासच बदलला तर घरटं लागणारच नाही!"

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," कावळीण म्हणाली. पण ऐकतो कोण? तो केव्हाच उडाला होता.

आठव्या दिवशी सगळी टोळी घेऊन तो शेजारच्या आंब्यावर कोकिळेकडे गेला.

"कोकिळाबाई, आनंदाची बातमी! आम्ही युद्ध हरलो!"

"अगं बाई! कधी?"

"फार पूर्वी. आजच ठरवलं. आता बंदी आमच्यावर. घरटं तुम्ही बांधायचं."

कोकिळेचे लाल डोळे लकाकले. "मी? माझं स्वतःचं घरटं?" ती इतकी हरखली की पुढचे काही न ऐकता तिने काटकी उचलली आणि फांदीवर ठेवली. काटकी खाली पडली. तिने दुसरी ठेवली. तीही पडली. कावळे पोट धरधरून हसले. ऊन डोक्यावर आले, झाडाखाली काटक्यांचा ढीग झाला आणि फांदीवर मात्र एकही टिकली नाही. हळूहळू हसणारे गप्प झाले.

"नाही जमत," कोकिळा म्हणाली. "माझ्या आईला येत नव्हतं, तिच्या आईला येत नव्हतं. शिकवणार कोण? आणि माझी आई तरी मी कुठं पाहिलीय?"

"पण तुम्ही मजेत असता ना?" कावळ्याने विचारले. "अंडं टाकलं की मोकळ्या!"

"मोकळी?" ती म्हणाली. "अंडं टाकून उडताना मी मागं बघत नाही. बघितलं तर पंख उचलणार नाहीत. मग कितीतरी दिवस त्याच झाडाभोवती घिरट्या घालते. पोर बाहेर येतं आणि तुम्हालाच आई म्हणतं. तुम्हाला हरायचंय ना? मग आधी हे शिका."

तेवढ्यात बाभळीवरून हाक आली, "अहो, लवकर या!"

तो धावत उडत पोचला. कावळीण उघड्या फांदीला घट्ट धरून बसली होती. "वेळ झाली," ती कळवळून म्हणाली. "अंडं ठेवू कुठं?"

कावळ्याने खाली पाहिले. जमीन फार खोल होती आणि तिच्यावर दगड होते. आपण काय करून बसलो हे त्याला कळले, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काटक्या आणा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "गोष्ट संपली! जो असेल त्यानं काटक्या आणा!"

सारे बन कामाला लागले. कोणी काटक्या आणल्या, कोणी काथ्या, कोणी गवत, आणि सगळ्यांत जास्त फेऱ्या मारल्या त्या कोकिळेने. कावळीण एकेक काडी रचत गेली. ऊन उतरायच्या आत घरटे उभे राहिले आणि पहिले अंडे अलगद त्यात आले.

तीन दिवसांनी कोकिळा चोरपावलांनी त्या घरट्याशी आली. एरवी कावळ्याने तिला दोन झाडे पार पिटाळले असते. त्या दिवशी तो बाजूला सरकला.

"बाई, पळायची घाई करू नका," तो म्हणाला. "जरा बसा. आम्ही पलीकडच्या फांदीवर आहोत."

कोकिळा बिचकत आत उतरली आणि तिने पंख मिटले. पोटाखाली तीन अंडी उबदार लागली. थोड्या वेळाने ती चार झाली. तिच्या कुळात कोणी घरट्यात निवांत बसल्याला शेकडो वर्षे झाली होती. ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली, आणि कावळिणीने तिला ऊठ म्हटले नाही.

तात्पर्य इतकेच : जुने युद्ध मनात उलटे करून जरूर पाहावे, पण हरलेल्याचे सुख तेवढे उचलून त्याचे दुःख तिथेच टाकून येऊ नये.